परवाना एकाचा, बंदूक साऱ्या घराची

नोव्हेंबर २०२५ मधील एका शनिवारी रात्री गुरुग्रामच्या सेक्टर ४८ मध्ये अकरावीतल्या एका मुलाने आपल्या वर्गमित्राला बोलावून घेतले आणि जुन्या भांडणाच्या रागातून त्याच्यावर गोळी झाडली. गोळी झाडणारा सतरा वर्षांचा, जखमी झालेलाही सतरा वर्षांचा. पिस्तूल वडिलांचे होते आणि त्याचा परवाना रीतसर होता. एकदोन दिवसांतच लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला आणि राजधानीचे सारे लक्ष तिकडे वळले. त्या दिवसांत हे स्वाभाविकच होते. परंतु ज्यांची स्मृती थोडी लांबची आहे, त्यांना या बातमीने आणखी एका डिसेंबरची आठवण करून दिली असेल.

गुरुग्रामचे नाव तेव्हा गुडगाव होते. ११ डिसेंबर २००७ रोजी तेथील युरो इंटरनॅशनल शाळेत आठवीतल्या दोन मुलांनी आपल्याच वर्गातील एका मुलाला गोळ्या घालून ठार केले. ते पिस्तूलही एका मुलाच्या वडिलांचेच होते. त्यानंतर काही आठवडे दिल्ली आणि परिसरात मोठी चर्चा झाली. दूरचित्रवाणीवरील हिंसा, व्हिडिओ गेम, नवश्रीमंतांचे संस्कार, अमेरिकेचे अनुकरण असे सारे विषय निघाले. शाळांनी दप्तरे तपासायला सुरुवात केली, काहींनी दाराशी धातुशोधक यंत्रे बसवली. सर्वांची नजर शाळेच्या फाटकावर होती. पिस्तूल जेथून निघाले, त्या घराच्या कपाटाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. अठरा वर्षांनंतर तेच शहर, तसेच पिस्तूल आणि जवळपास त्याच वयाची मुले पुन्हा आपल्यासमोर आहेत.

मधल्या काळातही अशा घटना थांबल्या नव्हत्या. २०१६ मध्ये पठाणकोट येथे पंधरा वर्षांचा एक मुलगा वडिलांचे रिव्हॉल्व्हर हाती धरून सेल्फी काढताना गोळी सुटून गेला. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातील यमुनानगरात बारावीच्या विद्यार्थ्याने वडिलांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरने शाळेच्या मुख्याध्यापिकेचा जीव घेतला. जून २०२२ मध्ये लखनऊत सोळा वर्षांच्या मुलाने आईवर गोळी झाडली, तीही वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलातून. जुलै २०२४ मध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यात पाच वर्षांचे मूल दप्तरातून पिस्तूल घेऊन शाळेत आले आणि त्याने दहा वर्षांच्या मुलाला जखमी केले. या घटनांची कारणे एकसारखी नाहीत. कोठे राग होता, कोठे हौस, कोठे निव्वळ अजाणपण. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ‘हेतू’ हा शब्द वापरणेही हास्यास्पद ठरेल. मोठ्या माणसाचे हत्यार लहानाच्या हाती सहज आले, एवढी एकच गोष्ट या सर्वांत समान आहे.

माझ्या सेवाकाळातील एक नस्ती या संदर्भात मला नेहमी आठवते. नव्वदच्या दशकात पश्चिम उत्तर प्रदेशातील ऊसपट्ट्यातल्या एका जिल्ह्याचा मी जिल्हाधिकारी होतो. शस्त्र परवान्यांच्या अर्जांचा ढीग तेथे इतर कोणत्याही अर्जांपेक्षा मोठा असे. बंदूक ही त्या भागात संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेची वस्तू. ही प्रतिष्ठा किती खोल आहे याचा एक दाखला पुढे, २००८ मध्ये, मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्याने दिला. तेथे पुरुषांनी नसबंदीसाठी पुढे यावे म्हणून प्रशासनाने त्यांना शस्त्र परवान्याचे आमिष दाखवले होते.

माझ्या जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या घरी खुंटीला टांगलेली दुनळी बंदूक सात वर्षांच्या मुलाने खाली काढली. समोर त्याची धाकटी बहीण होती. बंदूक भरलेली होती. मुलगी जागीच गेली. काही महिन्यांनी, जप्त केलेली बंदूक परत मिळावी म्हणून त्या बापाचा अर्ज माझ्यासमोर आला. मी मूळ नस्ती मागवली. परवान्यावर माझीच सही होती. नस्तीत पोलिसांचा अहवाल होता, तहसीलदाराचा शेरा होता, जमिनीचा उतारा होता, वर्तन चांगले असल्याचे प्रमाणपत्र होते. घरात मुले किती, बंदूक ठेवणार कोठे, काडतुसे कोठे, हे मात्र कोणीच विचारलेले नव्हते. मीही विचारलेले नव्हते.

मी तो परवाना रद्द केला. अपिलात माझा आदेश टिकला नाही. परवाना रद्द करण्यास सार्वजनिक शांतता किंवा सार्वजनिक सुरक्षितता हे कारण लागते. घरात घडलेला अपघात त्यात बसत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या शब्दांपुरते पाहिले तर तो चुकीचा होता असे मला म्हणता येत नाही. बापही काही बेफिकीर माणूस नव्हता. त्याच्या गावात प्रत्येक बंदूक खुंटीलाच टांगलेली असे आणि ती भरलेलीच असे. रिकामी बंदूक रात्री काय कामाची, असा त्याचा सरळ प्रश्न होता. त्याला तसे करू नको, असे सांगण्याची जबाबदारी राज्यव्यवस्थेत कोणाचीच नव्हती.

ही उणीव कोठून आली हे समजण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागते. भारतातील शस्त्रकायद्याचा पाया १८७८ चा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा ज्या वर्षी झाला, त्याच वर्षीचा हा शस्त्रकायदा. १८५७ ची आठवण ताजी होती. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नव्हते, युरोपीयांना मात्र त्यातून सूट होती. स्वाभाविकच, हा कायदा शिथिल करावा अशी मागणी राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून सुरू केली आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत घातला गेला. ज्या पिढीने हे मागितले, तिच्या दृष्टीने शस्त्राचा प्रश्न म्हणजे राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातील विश्वासाचा प्रश्न होता.

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये हा विषय पुन्हा निघाला. मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णू कामत यांनी कराची ठरावाचा आधार घेऊन हा हक्क संविधानात यावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा सरसकट हक्क दिल्यास सराईत गुन्हेगारालाही तो मागता येईल आणि देशाची तेव्हाची परिस्थिती पाहता तो देणे शक्य नाही, असे त्यांच्या उत्तराचे सार होते. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणूनच भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नाही. ती सरकारने अटींवर दिलेली मुभा आहे. अमेरिकेतील वादापेक्षा आपला वाद मुळातच वेगळा आहे, आणि आपल्यासाठी सोपाही. घरातील मुलाच्या सुरक्षिततेसाठी एखादी अट घालायची तर आपल्याला संविधानाशी झगडावे लागत नाही.

तरीही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने जुन्या कायद्याची दृष्टी बऱ्याच अंशी कायम ठेवली. अर्जदार कोण, त्याला शस्त्र कशासाठी हवे, तो राज्याला धोकादायक आहे काय, हेच त्याचे मुख्य प्रश्न. परवाना म्हणजे सरकार आणि एक व्यक्ती यांच्यातील व्यवहार. प्रत्यक्षात बंदूक व्यक्तीकडे नसते. ती घरात असते. त्या घरात बायको असते, म्हातारे आईवडील असतात, रागावलेला तरुण मुलगा असतो, सुट्टीत आलेली भाचरे असतात. कायद्याला ही माणसे दिसत नाहीत.

मुलांबाबत कायदा अगदीच मुका आहे असे नाही. कलम ९ नुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीला शस्त्र बाळगता येत नाही. प्रशिक्षणापुरता मर्यादित अपवाद आहे. १९८३ पूर्वी ही मर्यादा सोळा वर्षांची होती. पण हे बंधन मुलावर आहे. मुलाच्या हाती शस्त्र पडू देणाऱ्या मालकाचे काय? कलम २९ नुसार, हक्क नसलेल्या व्यक्तीच्या ताब्यात शस्त्र ‘देणे’ हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. परंतु कपाट उघडे ठेवणारा बाप शस्त्र ‘देत’ नाही. तो ते फक्त ठेवून देतो. उरते कलम ३०, म्हणजे परवान्याच्या अटींचा भंग. त्याला शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर निष्काळजीपणाचे कलम लावता येते. पण गोळी तिसऱ्याने झाडलेली असताना मालकाचा निष्काळजीपणाच मृत्यूचे थेट कारण होता, हे सिद्ध करणे किती अवघड आहे हे कोणताही सरकारी वकील सांगेल. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र यांची तरतूद केली, ही चांगली गोष्ट झाली. पण हमीपत्र नस्तीत लागते आणि तेथेच राहते. ते पाळले जाते की नाही हे पाहायला घरी कोणी जात नाही.

२०१९ या वर्षात आपल्या संसदेने याच प्रश्नाला दोन अगदी वेगळी उत्तरे दिली. मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जाईल. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होईल. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होईल. महत्त्वाचे म्हणजे, गाडी पालकाच्या संमतीनेच नेली असे न्यायालय गृहीत धरेल. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोघांचा बळी घेतला, तेव्हा ‘किल्ली दिली कोणी’ हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राने विचारला होता. ऑगस्टमध्ये ही तरतूद करणाऱ्या संसदेने डिसेंबरमध्ये शस्त्र अधिनियमातही दुरुस्ती केली. एका परवान्यावरील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात ती एकच होती. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. लग्नात आणि मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. शस्त्रे किती, यावर खल झाला. ती ठेवायची कशी आणि मुलाच्या हाती पडली तर जबाबदार कोण, हे तसेच राहिले. म्हणजे मोटारीच्या किल्लीसाठी बाप उत्तरदायी, पिस्तुलाच्या कपाटाच्या किल्लीसाठी नाही. उलट परवान्याची मुदत वाढल्यामुळे नूतनीकरणाच्या निमित्ताने होणारी तपासणीही दोन वर्षे लांबली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. भारतातील गोळीबाराच्या खुनांत बहुतांश शस्त्रे बेकायदा असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे दाखवतात. मुंगेरचे किंवा खरगोनचे गावठी कट्टे दिल्लीत सहज पोचतात, आणि टोळ्या ते अल्पवयीन मुलांच्या हाती देतात, कारण मुलांना शिक्षा कमी होते. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे नववीतल्या मुलाने जेवणाच्या डब्यातून आणलेल्या कट्ट्यातूनच शिक्षकावर गोळी झाडली. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आहे. मग प्रामाणिक परवानाधारकालाच का छळायचे, असे शस्त्रमालकांच्या संघटना विचारतात. कट्ट्याचा बंदोबस्त पोलिसांनी केलाच पाहिजे, याबद्दल वादच नाही. पण कट्टा शोधावा लागतो. परवान्याचे शस्त्र कोणत्या घरात आहे हे सरकारला आधीच माहीत असते. ३१ डिसेंबर २०१६ पर्यंत देशात ३३.६९ लाख परवाने होते. त्यांतील १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात, सुमारे १.४२ लाख हरियाणात आणि जवळपास ३९ हजार दिल्लीत होते. जे पत्ते सरकारच्या नोंदीत आहेत, तेथील धोका कमी करणे हे सर्वांत सोपे काम आहे. ते न करण्यासाठी कठीण कामाकडे बोट दाखवणे योग्य नव्हे.

दुसरा आक्षेप कायद्याच्या उपयोगाबद्दल आहे. अमेरिकेत फ्लोरिडाने १९८९ मध्येच मुलांच्या हाती शस्त्र पडू देणाऱ्या मालकाला दोषी ठरवणारा कायदा केला, पुढे अनेक राज्यांनी केला. तरीही २०२० पासून तेथे मुले आणि किशोर यांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हेच आहे. हे खरे आहे. जेथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, तेथे कुलपाची मर्यादा लवकर गाठली जाते. तरी मिशिगनमधील ऑक्सफर्ड येथील शाळेत नोव्हेंबर २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चौघांचे बळी घेतल्यानंतर त्याच्या आईवडिलांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा पालकाची जबाबदारी हा केवळ नैतिक उपदेश राहिला नाही. सर्बियाचा अनुभव आणखी सावध करणारा आहे. मे २०२३ मध्ये बेलग्रेडच्या शाळेत तेरा वर्षांच्या मुलाने दहा जणांचा जीव घेतला. वडिलांची पिस्तुले परवान्याची होती आणि तिजोरीत होती. तिजोरीचा आकडा मुलाला ठाऊक असावा, असे तेथील गृहमंत्र्यांनी सांगितले. वडील त्याला नेमबाजीलाही नेत असत. तिजोरी असणे आणि तिची किल्ली आपल्यापाशीच ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलांना शस्त्रापासून पूर्णपणे दूर ठेवा, असे माझे म्हणणे नाही. कोल्हापूरचा स्वप्नील कुसळे पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला तो काही एकविसाव्या वर्षी अचानक रायफल हाती धरून नव्हे. दिल्लीतील तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंह नेमबाजी संकुलात शाळकरी मुले सराव करतात. नळीचे तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे, गोळी कोणत्या क्षणी भरायची, आज्ञा झाल्यावर शस्त्र कसे खाली ठेवायचे, याची शिस्त तेथे आधी शिकवली जाते, नेम नंतर. जबाबदार शस्त्रमालकी हा शब्द आपल्याकडे अनेकदा प्रतिष्ठेच्या अर्थाने वापरला जातो. तिचा खरा अर्थ सराव संकुलातील ती शिस्त घरापर्यंत नेणे हा आहे.

ही शिस्त लावताना सरकारचा हात चुकीच्या ठिकाणीही पडू शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पंजाब सरकारने शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर आणि त्यांचे उदात्तीकरण करणाऱ्या गाण्यांवर बंदी घातली. हेतू चांगला होता. पण काही दिवसांतच अमृतसर ग्रामीण पोलिसांनी दहा वर्षांच्या एका मुलावरच गुन्हा नोंदवला. कारण होते त्याचे समाजमाध्यमावरील बंदुकीसह छायाचित्र. ते मूल चार वर्षांचे असतानाचे होते आणि बंदूक खेळण्यातली होती, असे वडिलांचे म्हणणे. टीका झाल्यावर तो गुन्हा मागे घेण्यात आला. मोठ्यांच्या हौसेचा जाब मुलाला विचारण्याची ही वृत्ती अपवादात्मक नाही. बालन्याय कायद्यात सोळा वर्षांच्या मुलाला प्रौढ मानावे का, यावर आपण तावातावाने बोलतो. त्याच्या हाती पिस्तूल कसे आले, हा प्रश्न मागेच राहतो.

करायला हव्या त्या गोष्टी फार नाहीत. पहिली, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ च्या धर्तीवर शस्त्र अधिनियमात स्वतंत्र कलम यावे. अल्पवयीनाच्या हाती परवान्याचे शस्त्र पडले तर मालकाने काळजी घेतली नव्हती असे गृहीत धरावे आणि ती घेतल्याचे सिद्ध करण्याची संधी त्याला द्यावी. दुसरी, शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवणे ही परवान्याची स्पष्ट अट असावी. जपानमध्ये ती आहे आणि पोलीस दरवर्षी तपासणीही करतात. ब्रिटनमध्ये परवान्याआधी पोलीस घरी जाऊन साठवणुकीची जागा पाहतात. तिसरी, अर्जाच्या आणि नूतनीकरणाच्या नमुन्यात घरातील सर्व व्यक्तींची, विशेषतः अल्पवयीनांची माहिती असावी. शस्त्र परवान्यांचा राष्ट्रीय माहितीसंच आहेच. त्यात एका रकान्याची भर घालणे अवघड नाही. चौथी, ज्यांना शस्त्र आता नको आहे, पण वाडवडिलांची वस्तू म्हणून टाकवतही नाही, त्यांच्यासाठी ते जमा करण्याची सोपी आणि सन्मानाची व्यवस्था असावी.

या शेवटच्या मुद्द्याबाबत प्रशासनाचा एक अनुभव सांगण्याजोगा आहे. निवडणुका आल्या की उत्तर भारतातील जिल्ह्यांत हजारो परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून घेतली जातात. सरसकट जमा करण्याला न्यायालयांनी हरकत घेतली असली, तरी ही प्रथा टिकून आहे. जिवाला धोका आहे म्हणून ज्यांनी परवाना घेतला, ती माणसे दीडदोन महिने शस्त्राविना राहतात आणि बहुतेकांचे काही बिघडत नाही. शस्त्र परत न्यायला वर्षभर न फिरकणारेही मी पाहिले आहेत.

महाराष्ट्राने हा उत्तरेचा प्रश्न आहे असे मानू नये. राज्यात २०१६ अखेर ८४ हजार परवाने होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात आमदाराने परवान्याच्या शस्त्रातून केलेला गोळीबार आणि त्यानंतर बीड जिल्ह्यातील बाराशेहून अधिक परवान्यांची झालेली चर्चा सर्वांना आठवत असेल. तेव्हा चर्चा परवाना कोणाला दिला याची झाली, आणि ती आवश्यकच होती. पण त्या शेकडो घरांत वाढणाऱ्या मुलांचा विचार करायला एखादी बातमी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

त्या ऊसपट्ट्यातील जिल्ह्यातून बदली होण्याआधी मी परवाना शाखेला एक साधे परिपत्रक काढले होते: नूतनीकरणाला येणाऱ्या प्रत्येकाला, बंदूक कोठे ठेवता आणि घरात मुले किती, असे विचारून उत्तर नस्तीवर लिहावे. त्याला कायद्याचा आधार नव्हता. माझ्या बदलीनंतर ते किती दिवस पाळले गेले असेल याची मला कल्पना आहे. परंतु जेवढे दिवस पाळले गेले, त्या काळातील एका कारकुनाने सांगितलेली गोष्ट लक्षात राहिली. बहुतेक जण या प्रश्नावर क्षणभर थांबत, कारण तो त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता; आणि काही जण दुसऱ्या दिवशी येऊन सांगत, साहेब, खुंटीवरून काढून पेटीत ठेवली. सहीनिशी परवाना देणाऱ्या सरकारने निदान एवढा प्रश्न विचारणे ही मोठी अपेक्षा नाही.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)